ओली वाळू आणि चौदाशे अंश

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं बिडाचं कवच ओततात, तेव्हा त्या साच्याला समजा शंभर किलो वाळू लागते. या वाळूत तीन ते चार लिटर पाणी असतं. पाणी नसेल तर साचा उभाच राहणार नाही. काही वेळाने याच ओल्या साच्यात १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं पातळ बीड ओततात. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ १,७०० लिटर जागा मागते, आणि तापमान चढेल तशी आणखी. नुसता हिशोब मांडला तर रोज शेकडो साचे फुटायला हवेत. ते फुटत नाहीत. उलट भट्टीत टाकलेल्या भंगारातल्या एखाद्या बंद नळीत पेलाभर पाणी अडकलेलं असेल, तर भट्टीतला धातू छतापर्यंत उसळतो आणि माणसं भाजतात.

साच्यातल्या वाफेला बाहेर पडायला वाट असते, वितळलेल्या धातूखाली सापडलेल्या पाण्याला नसते. ही वाट राखणं हे फाउंड्रीतल्या कामगाराचं निम्मं काम आहे. कारखान्याच्या कागदावर तो ऑपरेटर असतो, नाहीतर नुसताच हेल्पर. बाहेरच्या माणसाला त्याचं काम म्हणजे ओझी उचलणं आणि उष्णता सोसणं वाटतं. ओझी आता बरीचशी होइस्ट आणि कन्व्हेयर उचलतात. पाण्याचा अंदाज अजून माणूसच घेतो.

हे काम या भागात रुजलं ते शेतीच्या अवजारांमुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली, तेव्हा त्यांना लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनवायची होती. कोल्हापुरात उसाचे चरक आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री सुटे भाग स्वतःच ओतू लागले, आणि उद्यमनगरातल्या त्या छोट्या भट्ट्यांमधून पुढे एक मोठा धंदा उभा राहिला. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, पंपाची कवचं असा माल इथून देशभरच्या ट्रक, ट्रॅक्टर आणि पंपांच्या कारखान्यांना जातो. कामगारांत आजूबाजूच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं आहेत, तशी बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेलीही.

शेतकऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. पेरणीआधी मूठभर माती दाबून वाफसा आलाय की नाही हे तो जसं पाहतो, तसंच साचा बनवणारा मोल्डर वाळूचं करतो. मूठ वळायची, उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत, गोळा दोन्ही हातांनी मोडला तर कडा धारदार राहिल्या पाहिजेत आणि तळहाताला काही चिकटता कामा नये. तळहात ओला झाला तर पाणी जास्त, कडा भुगा होऊन सांडल्या तर कमी. नवीन पोरगं थेट हॉपरचा दांडा ओढायला गेलं की जुना मोल्डर ओरडतो, "आदी हातात घिऊन बघ की लेका, मग सोड."

या वाळूला साधी वाळू म्हणणं तसं चुकीचंच. तिच्यात सिलिका वाळूबरोबर सात ते दहा टक्के बेंटोनाइट माती असते, बरीचशी कच्छमधून आलेली, शिवाय थोडी कोळशाची भुकटी आणि पाणी. बेंटोनाइटचे सूक्ष्म थर पाणी पिऊन फुगतात आणि कणाला कण धरून ठेवतात. पाणी कमी पडलं तर साच्याच्या कडा ढासळतात आणि ती वाळू धातूत मिसळून ओतलेल्या वस्तूच्या, म्हणजे जॉबच्या, अंगात खड्डे पाडते. पाणी जास्त झालं तर दुहेरी नुकसान होतं. वाफ जास्त तयार होते आणि कणांमधल्या ज्या फटींतून ती जायची त्या फटीच भरून जातात. कोळशाची भुकटी धातूच्या स्पर्शाने जळते आणि तिच्यातून निघालेल्या वायूचा पातळ पडदा साच्याच्या अंगावर बसतो. त्यामुळे बीड वाळूला चिकटत नाही आणि जॉब गुळगुळीत निघतो.

प्रयोगशाळा असतेच. तिथे वाळूचा नमुना कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद डब्यात हलवतात. ओलाव्यामुळे ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून पाण्याचं प्रमाण दोन-तीन मिनिटांत कळतं. वाळूतून हवा किती सहज जाते तेही मोजतात. पण प्रयोगशाळेत नमुना तास-दोन तासांनीच जातो आणि वाळू तेवढ्यात बदलते. एक टन माल काढायला साधारण चार-पाच टन वाळू फिरवावी लागते, आणि ती तीच ती वाळू असते. ओतलेले साचे फोडायचे, वाळू चाळायची, पाणी आणि थोडी नवी माती घालून पुन्हा वापरायची. संध्याकाळपर्यंत ही परतीची वाळू तापत जाते. पन्नास अंशांच्या वर गेली की मिक्सरमध्ये घातलेलं पाणी मशीनपर्यंत येता येता उडून जातं, आणि वर ती वाफ साच्याला आकार देणाऱ्या गार पॅटर्नवर दव धरते, मग साचा पॅटर्नला चिकटून फाटतो. एप्रिल-मे महिन्यांतली दुपार मोल्डरला म्हणूनच नकोशी असते. मिक्सरच्या पॅनेलवर सकाळी लावलेला पाण्याचा आकडा दुपारी खोटा ठरलेला असतो, आणि ते सगळ्यात आधी कळतं ते मुठीला.

मध्यम आकाराच्या फाउंड्र्यांमध्ये मोल्डिंग अजूनही बहुतेक आर्पा ३०० किंवा आर्पा ४५० अशा हवेवर चालणाऱ्या यंत्रांवर होतं. एका यंत्रावर साच्याचा खालचा अर्धा भाग, शेजारच्यावर वरचा. लोखंडी बॉक्स पॅटर्नवर ठेवायचा, वाळू सोडायची, यंत्र दणादण आपटून ती बसवतं आणि मग वरून दाबतं. आपटे किती द्यायचे हे बटणावर ठरतं, पण कोपऱ्यात आणि पॅटर्नच्या खोल खाचेत वाळू हाताने भरावी लागते. तिथे ती सैल राहिली तर धातूच्या दाबाने साचा फुगतो, जॉब जाड निघतो. ठासून बसली तर वाफ अडते. म्हणून साचा झाल्यावर मोल्डर तारेने वरच्या अर्ध्या भागात बारीक भोकं पाडतो. कुठे पाडायची हे ड्रॉइंगवर क्वचितच असतं. जॉबचा सगळ्यात उंच भाग कुठे येतो, वायू कुठे जाऊन कोंडेल, हे त्याच्या डोक्यात असतं.

जॉब आतून पोकळ हवा असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा कोअर साच्यात बसवतात. हा कोअर वाळूचाच, पण राळेने घट्ट केलेला. राळ जळली की तिचाही वायू होतो आणि कोअर चहूबाजूंनी धातूने वेढलेला असतो. त्या वायूला एकच वाट, कोअरच्या टोकातून साच्याबाहेर. कोअर सेटरने तिथे गोंद जरा जास्त लावला, किंवा रंगाचा ओघळ भोकावर सुकला, तर वाट बंद. वायू मग धातूतूनच बुडबुडा होऊन वर येतो आणि बीड गोठताना तिथेच अडकतो. ब्लो होल म्हणतात ते हेच. कोअर सेटरचं काम बघायला फार साधं दिसतं, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवख्या माणसाला तेच देतात. माझ्या मते हा या धंद्यातला सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे.

भट्टीवर पाण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पूर्वी कोकवर चालणारे क्युपोला होते, आता बहुतेक इंडक्शन भट्ट्या. तांब्याच्या नळीचं वेटोळं, त्यातून जाणारा वीजप्रवाह, आणि त्याच नळीच्या पोटातून फिरणारं थंड पाणी. नाहीतर तांबंच वितळेल. वितळलेलं बीड आणि हे पाणी यांच्यात सिलिकाच्या अस्तराची साधारण चार बोटं जाडीची भिंत असते. प्रत्येक हीटला, म्हणजे धातूच्या प्रत्येक घाण्याला, ती थोडी झिजते. अस्तराला चीर पडून धातू वेटोळ्याकडे सरकू लागला की गळतीचा मीटर इशारा देतो, आणि त्या इशाऱ्यावर भट्टी रिकामी करायची की 'एवढी हीट काढू' म्हणायचं, हा प्रश्न भट्टी सांभाळणाऱ्या मेल्टरपुढे उभा राहतो. वीज गेली तरी पाणी फिरत राहावं म्हणून उंचावर टाकी ठेवतात. ती भरलेली आहे का, हे पाळी सुरू होताना बघणं हेही त्याचंच काम. या भट्टीला एक टन बीड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. रात्रीचा वीजदर वर्षानुवर्षं सवलतीचा होता, त्यामुळे कित्येक फाउंड्र्यांत वितळवण्याचं काम रात्रपाळीत लोटलं गेलं. म्हणजे सगळ्यात जास्त लक्ष लागणारं काम माणूस सगळ्यात पेंगुळलेला असतो त्या वेळी.

पावसाळ्यात काळजी वाढते. कोल्हापूरचा पाऊस चार महिने थांबत नाही आणि भंगार उघड्यावर असतं. पत्र्याच्या दाबलेल्या गठ्ठ्यात पाणी मुरतं, तुटक्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल असतं, दोन्ही टोकं चेपलेल्या नळीत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. रिकाम्या गरम भट्टीत असं भंगार गेलं तर पाणी उडून जायला वेळ मिळतो. भट्टीत आधीच अर्धा धातू वितळलेला असेल तर मिळत नाही. म्हणून जाणता मेल्टर भंगार चढवणाऱ्यावर डोळा ठेवून असतो, ओलं भंगार भट्टीच्या काठाजवळ आधी सुकायला ठेवतो आणि बंद नळी दिसली की बाजूला फेकतो. धातूवरची मळी काढायची सळईसुद्धा तापवल्याशिवाय धातूत घालत नाहीत. तिच्यावरच्या गंजात ओल असते आणि तेवढीही ठिणग्यांचा फवारा उडवायला पुरते. धातू ओतायचं भांडं, म्हणजे लॅडल, बर्नरने लालसर होईतो तापवतात. ओतकामाच्या जागेवर जमीन वाळूची ठेवतात, कारण काँक्रीटच्या पोटातही पाणी असतं आणि सांडलेला धातू पडला की काँक्रीट तडतडून उडतं.

ओतायला लागलं की सगळा खेळ वेळेचा होतो. भट्टीतून लॅडलमध्ये घेतल्या क्षणापासून धातू थंड होत असतो. तापमान मोजायला टोकाला सेन्सर असलेली कांडी बुडवतात, पण ती दर साच्याला बुडवता येत नाही. पोअरिंगचा माणूस धातूचा रंग, पृष्ठभागावरची हालचाल आणि धार किती पातळ पडते यावरून ठरवतो. सुरुवातीला पातळ भिंतींच्या जॉबचे साचे, शेवटी जाड भिंतींच्या, अशी रांग आधीच लावलेली असते. धार एकदा सुरू झाली की तोडायची नाही आणि ओतायची वाटी भरलेली ठेवायची. वाटी रिकामी झाली की हवा आणि मळी आत ओढली जाते. धार मध्येच तुटली तर पहिला धातू कडक होतो, मागून आलेला त्याला धरत नाही, आणि जॉबला तडा गेल्यासारखी रेघ राहते. या रेघेला कोल्ड शट म्हणतात. साचा भरत आला की मघाशी तारेने पाडलेल्या भोकांतून निळसर ज्योती निघू लागतात. सगळीकडून सारख्या निघाल्या तर वायूला वाट मिळाली. एका बाजूने निघाल्याच नाहीत तर तो साचा खडूने खूण करून ठेवावा. काही जण ठेवतात, काही जण पुढच्या साच्याकडे वळतात, कारण लॅडलमध्ये अजून दोनशे किलो धातू थंड होत असतो.

वरच्या बॉक्सवर लोखंडी वजनं का ठेवतात हे नवख्याला कळत नाही. अर्धा मीटर लांब आणि तेवढाच रुंद सपाट जॉब घ्या, त्याच्या वर ओतायच्या नळीत २० सेंटिमीटर उंचीचा धातू. वितळलेलं बीड पाण्याच्या जवळजवळ सातपट जड असतं. हिशोब केला तर साच्याचा वरचा भाग सुमारे ३५० किलोच्या जोराने वर उचलला जातो. वजन कमी पडलं की बॉक्स उचलतो आणि धातू फटीतून सगळीकडे वाहतो. म्हणूनच ओतणाऱ्याची पँट बुटाच्या आत खोचलेली नसते, बाहेर असते. शिंतोडा बुटात न जाता खाली ओघळला पाहिजे. कपडे सुती असतात, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

एसजी, म्हणजे गोल कणांच्या ग्रॅफाइटचं, बीड असेल तर घड्याळ आणखी कडक होतं. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, त्यामुळे ते ठिसूळ. मॅग्नेशियमची क्रिया करून त्याचे गोल कण बनवण्याची पद्धत १९४० च्या दशकात निघाली आणि बिडाचे क्रँकशाफ्टसुद्धा होऊ लागले. पण मॅग्नेशियम १,०९० अंशांनाच उकळतं, म्हणजे बिडात पडताच डोळे दिपवणारा उजेड होऊन त्यातलं बरंच जळून जातं, आणि जे उरतं तेही मिनिटागणिक कमी होत जातं. साधारण दहा मिनिटांच्या आत शेवटचा साचा भरला पाहिजे. त्यानंतर ओतलेला जॉब दिसायला अगदी तसाच असतो, फक्त आतले गोल कण बिघडलेले असतात आणि तो झटक्याने तुटू शकतो. उशीर झाला की उरलेला धातू साच्यांत न ओतता पिगच्या, म्हणजे ओबडधोबड लाद्यांच्या, खाचांत सोडून द्यायचा असतो. तो पुन्हा वितळवायला वीज लागते, त्या पाळीचा माल कमी दिसतो आणि सुपरवायझर विचारतो. 'सोडून दे' हे वाक्य फाउंड्रीत म्हणायला बरीच हिंमत लागते.

चूक लगेच दिसत नाही हे या कामाचं आणखी एक वैशिष्ट्य. लेथवर काम करणारा मायक्रोमीटर लावतो आणि त्याला तिथेच कळतं. ब्लो होल पुष्कळदा कातडीच्या दोन मिलिमीटर खाली असतो. कोल्हापुरात ओतलेला जॉब घासूनपुसून पुण्याला जातो, तिथल्या मशीनवर त्याचा वरचा थर निघतो आणि मग भोक उघडं पडतं. तोवर आठवडा उलटलेला असतो. जॉबवर उठवलेल्या तारखेवरून आणि हीट नंबरवरून पाळी शोधतात, पण वाळूत त्या दुपारी पाणी किती होतं हे आठवणार कोणाला? कित्येक ठिकाणी मोल्डिंगचं काम ठेक्यावर असतं आणि पैसे चांगल्या निघालेल्या मालावर मिळतात. परत आलेल्या जॉबचे पैसे कापले जातात, मग चूक वाळूची असो, कोअरची असो की भट्टीची.

आता साचे फोडायची वेळ. इथवर पाणी हा शत्रू होता. इथून पुढे पाण्याचा अभाव हा शत्रू होतो. धातूच्या उष्णतेने साच्यातली वाळू कोरडीठाक झालेली असते, माती जळून तिची भुकटी झालेली असते, आणि थरथरणाऱ्या जाळीवर बॉक्स उलटला की धुळीचा लोट उठतो. पुढे फेटलिंगमध्ये जॉबला चिकटलेली वाळू छिन्नीने आणि ग्राइंडरने काढतात. दिसते ती धूळ तितकी वाईट नसते, ती नाकात आणि घशात अडकते. पाच मायक्रॉनपेक्षा लहान सिलिकाचे कण दिसत नाहीत आणि थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांत जाऊन बसतात. त्यांना गिळायला आलेल्या पेशी मरतात, त्या जागी वण तयार होतो, वणांच्या गाठी होतात. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि धुळीचं काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. क्षयरोगाचा धोका या माणसांना जास्त असतो, त्यामुळे कित्येकदा नुसता क्षयच समजून उपचार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिक सिलिकाची धूळ १९९७ मध्ये कर्करोगकारक ठरवली.

उपाय अवघड नाहीत. साचे फोडायच्या जाळीवर बंदिस्त हूड आणि धूळ ओढणारा पंखा, घासायला बंद पेटीतलं शॉट ब्लास्टिंग, झाडताना कोरडा झाडू न वापरता आधी पाणी मारणं. चांगल्या फाउंड्र्यांत हे असतं. छोट्या फाउंड्रीत पंख्याची पिशवी तुंबलेली असते आणि ती बदलणं कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. त्याने जाडी वाळू अडते, बारीक कण सरळ आत जातात. गंमत अशी की मोल्डिंगच्या बाजूला ओल्या वाळूत उभा असलेला माणूस मास्क मिळवण्यात पुढे असतो, कारण तो कुशल गणला जातो. फेटलिंगचा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घातलं. कर्मचारी राज्य विमा योजनेतही त्याची भरपाई आहे. पण हा आजार साधारणपणे दहा वर्षांहून जास्त काळ धूळ घेतल्यावर दिसतो, आणि भरपाई मागताना त्या कामाचा सलग काळ दाखवावा लागतो. फेटलिंगचा कामगार तोवर चार-पाच फाउंड्र्या आणि तितकेच ठेकेदार फिरून आलेला असतो. विम्याचा नंबर नियमाने आयुष्यभर एकच असतो. पण नवा ठेकेदार जुना नंबर विचारत बसण्याऐवजी नवा काढून देतो आणि आधीची वर्षं दुसऱ्याच खात्यात पडून राहतात. फेटलिंगला लागणाऱ्या पोराने म्हणून पहिल्या पगाराआधी दोन कागद स्वतःजवळ घेऊन ठेवावेत: विम्याच्या जुन्या नंबराची प्रत आणि कामाला लागताना काढलेला छातीचा एक्स-रे. दहा वर्षांनी काढलेल्या एक्स-रेशी ताडून बघायला तो पहिलाच लागतो, आणि कारखान्याच्या कपाटात तो सापडेलच असं नाही.